हद्द कायम मोजणी

डावी चप्पल पहिल्यांदा गेली ती स्वारगेटला.
पाय बसच्या पायरीवर, चप्पल खाली रस्त्यावर,
आणि पायाला पत्ता नाही.
"काकू, चप्पल!" एक पोरगा ओरडला.
मी खाली पाहिलं,
दुसऱ्या कुणाच्या पायाकडे पाहावं तसं.

मग बोटं.
तवा तापलाय का, हे डाव्या हाताला
उजव्याला विचारावं लागायचं.
मान खाली घातली की पाठीतून
झिणझिणत वीज, थेट टाचेपर्यंत.
आणि नकाशावर वाकणं हे तर माझं रोजचं काम,
भूमी अभिलेख, हवेली तालुका, एकोणीस वर्षं.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, बी-ट्वेल्व्ह. शाकाहारी का?
म्हटलं, मटणाशिवाय आमचा रविवार होत नाही.
तरी दहा इंजेक्शनं लिहिली.
डोळ्यांचे म्हणाले, चष्मा ठीक आहे.
टिळक रोडच्या बाई म्हणाल्या, वय झालंय बदलाचं.
घरी काही ताण?
होता ना. हाच.

कर्वे रोडला तळघरात मशीन.
मंगळसूत्र संपतच्या खिशात, पिना त्याच्या मुठीत.
"उज्ज्वला काळोखे," मुलीनं नाव वाचलं
आणि हसू दाबलं. सवय आहे.
पाऊण तास आत ठोके पडत होते,
कुणीतरी डोक्यात खुंट्या मारून
जमीन वाटून घेतंय असे.

फिल्म मी खिडकीला धरली.
पांढरे डाग. आठ.
पुन्हा मोजले, आठच.
एकालाही गट नंबर नाही, कब्जेदाराचं नाव नाही.
खाली लिहिलेलं:
विशिष्ट स्वरूपाचे नाहीत, लक्षणांशी ताडून पाहावे.
लक्षणांना विचारलं तर ती म्हणणार,
डागांना विचारा.

मेंदूच्या डॉक्टरांनी घोट्यावर काटा ठेवला,
थरथर थांबली की सांगा.
उजव्या पायात तो गात राहिला.
डाव्यात थांबला होता की सुरूच झाला नव्हता,
सांगता येईना.
कच्चा कोबी खाता? घरात कुणाला टीबी?
असं चालणारं कुणी माहेरी?
एक मावशी होती, भिंत धरून चालायची.
आम्ही पोरं तिची नक्कल करायचो.
मोठी माणसं म्हणायची, नाटकी आहे.
तिच्या डोक्याचा फोटो कुणी काढला नाही.

पाठीतून पाणी काढलं, चार बाटल्या.
स्वच्छ आहे, म्हणाले.
स्वच्छ म्हणजे चांगलं का?
"स्वच्छ म्हणजे स्वच्छ.
सहा महिन्यांनी परत फोटो काढू.
नवा डाग दिसला तर नाव देता येईल."

कितीजणांना मी सांगितलंय टेबलापलीकडून,
पुढच्या तारखेला या.
वर मान न करता.

म्हात्रे पुलावर संपतनं गाडी बाजूला घेतली.
खाली नदीत जलपर्णी, वर घारी.
"नवा नाही आला म्हणजे झालं," तो म्हणाला.
मी गप्प.
कारण केबिनमध्ये, एक क्षणभर,
मला वाटलं होतं, यावा.
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.
तो आता माझ्या डाव्या बाजूनं चालतो.
तेही आम्ही बोललेलो नाही.

काल वडकीला मोजणी होती.
दोन चुलतभाऊ, मधे चार फुटांचा बांध,
आणि बंदोबस्ताला एक जांभया देणारा हवालदार.
दुपारच्या उन्हात पलीकडची झेंडी
एकाची दोन झाली,
साधारण चार फुटांच्या अंतरानं.
शिपायानं हातोडी उचलली,
"मॅडम, खूण कुठं ठोकू?"
उजवा डोळा मिटला. एक झेंडी.
डावा मिटला. एकच, पण ती नव्हे.
दोघे भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते,
मी पाहते तसे, डॉक्टरांच्या.

"मशीन लाव. परत वाचन घे," म्हटलं
आणि बाभळीखाली दगडावर जाऊन बसले.
पाय पुढे केले.
दोन्हींत चप्पल आहे,
एवढं पाहून घेतलं.